शनिवारचा वर्ग, सोमवारची कचेरी: सत्या नाडेला यांच्या अर्धवेळ एमबीएचे प्रकरण

सत्या नाडेला यांच्या शिक्षणाचा उल्लेख होतो तेव्हा मणिपालची अभियांत्रिकी पदवी आणि विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी शाखेतील संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी या दोन गोष्टी बहुधा सांगितल्या जातात. तिसरी पदवी शिकागो विद्यापीठाची एमबीए आहे. ती त्यांना १९९७ साली मिळाली आणि ती त्यांनी मायक्रोसॉफ्टमधील नोकरी न सोडता, आठवडाअखेर विमानाने शिकागोला ये-जा करून पूर्ण केली. त्यानंतर १७ वर्षांनी, ४ फेब्रुवारी २०१४ रोजी, ते त्याच कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले.

या दोन घटना एकापुढे एक ठेवल्या की एक सोपी गोष्ट आपोआप तयार होते, आणि प्रवेशाच्या जाहिरातींना ती फार आवडते: नोकरी करता करता पदवी घेतली आणि माणूस शिखरावर पोहोचला. प्रकरण म्हणून तपासायला लागल्यावर मात्र ही गोष्ट टिकत नाही. नोकरी सांभाळून घेतलेल्या व्यवस्थापन पदवीने एका अभियंत्याच्या कारकिर्दीत काय घडवले, काय घडवले नाही आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे प्रश्न येथे स्वतंत्रपणे पाहायचे आहेत. माझे मत आधीच सांगून टाकतो: पदवीने नाडेला यांना कोणतेही पद मिळवून दिले असे दाखवता येत नाही. तिचा खरा उपयोग पदवीनंतर बऱ्याच वर्षांनी झाला, आणि तो होऊ शकला याचे मुख्य कारण म्हणजे ती घेताना त्यांनी आपली जागा सोडली नव्हती.

१९९२ सालचा पेच

नाडेला यांचा जन्म १९६७ साली हैदराबादला झाला. १९८८ मध्ये मणिपालहून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले आणि १९९० मध्ये मिलवॉकीचे शिक्षण संपल्यावर पुढे सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीत काम करू लागले. १९९२ मध्ये, वयाच्या पंचविशीत, शिकागोला पूर्णवेळ व्यवस्थापन शिकायला जाण्याचा विचार पक्का होत आला असताना मायक्रोसॉफ्टकडून नोकरीचा प्रस्ताव आला. दोन्ही वाटा चांगल्या असतात तेव्हा होणारी कोंडी ही वाईट आणि चांगली यांतल्या निवडीपेक्षा अवघड असते. त्यांनी नोकरी स्वीकारली आणि शिक्षणाचा बेत रद्द न करता त्याचे स्वरूप बदलले.

हा निर्णय किती मोलाचा होता हे कळायला त्या पाच वर्षांतील मायक्रोसॉफ्टकडे पाहावे लागते. १९९२ च्या आर्थिक वर्षात कंपनीचा महसूल सुमारे २.८ अब्ज डॉलर होता, तो १९९७ मध्ये ११ अब्ज डॉलरच्या पुढे गेला. कर्मचाऱ्यांची संख्या साधारण साडेअकरा हजारांवरून बावीस हजारांच्या वर गेली. १९९३ च्या जुलैमध्ये विंडोज एनटी ही व्यावसायिक वापरासाठीची संगणक-प्रणाली बाजारात आली, १९९५ च्या मे महिन्यात बिल गेट्स यांनी इंटरनेटच्या लाटेविषयीचे आपले प्रसिद्ध अंतर्गत टिपण लिहिले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विंडोज ९५ आली. पूर्णवेळ अभ्यासक्रमासाठी दोन वर्षे बाहेर पडलेला माणूस परत आला असता तर त्याला वेगळीच कंपनी भेटली असती, आणि त्या कंपनीत त्याची ओळख नव्याने तयार करावी लागली असती. पूर्णवेळ शिक्षणाचा खर्च मोजताना आपण शुल्क आणि बुडालेला पगार एवढेच धरतो. वेगाने वाढणाऱ्या संस्थेतली आपली जागा रिकामी करणे हा त्याहून मोठा खर्च असू शकतो आणि तो कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

नाडेला यांचे कामही या निर्णयाला पूरक होते. त्यांना विंडोज एनटीच्या प्रसाराच्या कामावर नेमले होते. व्यावसायिक संस्थांनी आणि सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कंपन्यांनी युनिक्स या जुन्या संगणक-प्रणालीऐवजी या नव्या प्रणालीवर विश्वास टाकावा, यासाठी त्यांचे मन वळवणे असे त्याचे स्वरूप होते, आणि युनिक्सची बाजू सनमधील कामामुळे त्यांना आतून माहीत होती. म्हणजे हे तांत्रिक काम असले तरी समोरच्याचा खर्च काय, जोखीम काय, बदलायला तो का कचरतो, हे प्रश्न त्यात रोज येत होते. शनिवारी वर्गात शिकलेली गोष्ट सोमवारी वापरून पाहता येईल अशी जागा प्रत्येक नोकरदाराला मिळत नाही.

शिकागोने काय दिले

रेडमंड हे मायक्रोसॉफ्टचे गाव सिएटलला लागून आहे. तेथून शिकागोचे हवाई अंतर सुमारे २,७५० किलोमीटर, म्हणजे मुंबई–दिल्ली अंतराच्या दुपटीहून बरेच अधिक आहे. विमानाला चार तास लागतात आणि शिकागोचे घड्याळ सिएटलच्या दोन तास पुढे असते. शुक्रवारी संध्याकाळी सहाला निघालेला प्रवासी तेथे मध्यरात्री उतरतो आणि शनिवारी सकाळी वर्गात बसतो. शिकागोचा आठवडाअखेरचा अभ्यासक्रम अशाच, शहराबाहेरून येणाऱ्या नोकरदारांना धरून आखलेला होता. नोकरदारांना शिकवण्याची या विद्यापीठाच्या व्यवस्थापन संस्थेची परंपराही जुनी आहे. ती १८९८ साली स्थापन झाली आणि अनुभवी अधिकाऱ्यांसाठीची पहिली एक्झिक्युटिव्ह एमबीए तिनेच १९४३ मध्ये सुरू केली. बूथ हे नाव तिला २००८ मध्ये मिळाले, त्यामुळे नाडेला ज्या संस्थेत शिकले तिला तेव्हा कोणी बूथ म्हणत नसे.

अभ्यासक्रमाची एक बाब या प्रकरणात निर्णायक वाटते. शिकागोत अर्धवेळ आणि पूर्णवेळ विद्यार्थ्यांना तेच प्राध्यापक शिकवतात आणि शेवटी हातात पडणारी पदवीही तीच असते. प्रमाणपत्रावर आठवडाअखेरचा शिक्का नसतो. एकूण सुमारे वीस विषय पूर्ण करायचे असतात. तिमाहीला दोन विषय घेतले तर साधारण अडीच वर्षे लागतात. एकाच विषयावर थांबणाऱ्याचा कालावधी त्याच प्रमाणात लांबतो.

दुसरी बाब शिकवण्याच्या पद्धतीची आहे. हार्वर्डची ओळख प्रकरण-पद्धतीशी, म्हणजे प्रत्यक्ष कंपन्यांच्या प्रकरणांवर चर्चा करून शिकवण्याशी, जोडलेली आहे, तर शिकागोचा भर अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि लेखाशास्त्र या मूळ शास्त्रांवर राहिला आहे. नाडेला शिकत होते त्याच सुमारास तेथील प्राध्यापकांपैकी मर्टन मिलर यांना १९९० मध्ये आणि रॉबर्ट फोगेल यांना १९९३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले होते. किंमत कशी ठरते, भांडवलाचा खरा खर्च किती, बाजाराला आधीच काय ठाऊक असते, ही तेथली नेहमीची चर्चा. गणिताची सवय असलेल्या अभियंत्याला ही वाट तुलनेने सोपी जाते, कारण तिथे मतांपेक्षा मांडणीला महत्त्व असते. उलट गटचर्चेवर आणि रात्रंदिवस एकत्र राहण्यावर उभा असलेला अभ्यासक्रम आठवड्यातून एकदा येणाऱ्या विद्यार्थ्याला निम्माच मिळतो. अर्धवेळ शिक्षणाचा दर्जा केवळ संस्थेच्या नावावरून जोखता येत नाही, विषय कसा शिकवला जातो यावर तो बराच अवलंबून असतो.

घर, व्हिसा आणि विमान

या प्रकरणाचा हा भाग पुष्कळदा गाळला जातो, पण माझ्या मते तो सर्वांत बोलका आहे. नाडेला यांचा विवाह अनुपमा यांच्याशी १९९२ साली झाला. त्या वेळच्या अमेरिकी नियमांमुळे कायम निवासाचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, असलेल्या माणसाच्या जोडीदाराला अमेरिकेत येण्यासाठी वर्षानुवर्षे रांगेत थांबावे लागे. तात्पुरत्या एच-१बी व्हिसावरील कर्मचाऱ्याचा जोडीदार मात्र लगेच येऊ शके. हा नियम इतका उफराटा होता की १९९४ मध्ये नाडेला यांनी दिल्लीच्या अमेरिकी वकिलातीत आपले ग्रीन कार्ड परत केले आणि एच-१बीसाठी अर्ज केला. अमेरिकेत वर्षानुवर्षे ग्रीन कार्डाची वाट पाहणाऱ्या मराठी घरांत ही गोष्ट सांगितली तर ऐकणारा आधी चमकतो आणि मग नियम समजल्यावर मान डोलावतो.

या घटनेचा शिक्षणाशी थेट संबंध आहे. एच-१बीवरील माणसाचा देशातला मुक्कामच त्याच्या नोकरीवर टिकून असतो. नोकरी सोडून पूर्णवेळ वर्गात बसायचे तर विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो आणि शिक्षण संपल्यावर पुन्हा नोकरी, पुन्हा अर्ज. नोकरी चालू ठेवून अर्धवेळ शिकायला मात्र त्या व्हिसावर मुभा असते. म्हणजे १९९४ नंतर आठवडाअखेरचा मार्ग हा सोयीचा पर्याय तर होताच, शिवाय नोकरी आणि घर दोन्ही सांभाळून शिकण्याचा जवळजवळ एकमेव व्यवहार्य पर्याय होता. स्थलांतरित व्यावसायिकांमध्ये अर्धवेळ पदव्या का लोकप्रिय आहेत याचे कारण शोधताना महत्त्वाकांक्षेइतकेच व्हिसाच्या नियमांकडेही पाहायला हवे.

१९९६ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा मुलगा झेन जन्मला. त्याला गंभीर स्वरूपाचा सेरेब्रल पाल्सी, म्हणजे शरीराच्या हालचालींवर परिणाम करणारा मेंदूचा विकार, होता. पदवी पूर्ण होण्यापूर्वीचा शेवटचा काळ आणि घरातील हा आघात एकाच वेळी आले. या काळात घरचा भार मोठ्या प्रमाणात अनुपमा यांनी उचलला, आणि परिस्थिती स्वीकारायला त्यांनीच आपल्याला शिकवले, हे नाडेला यांनी जाहीरपणे अनेकदा सांगितले आहे. अर्धवेळ पदवीची किंमत शुल्काच्या आकड्यात लिहिली जाते, पण शनिवार-रविवार कोणाच्या खात्यातून वजा होतात हे त्या आकड्यात दिसत नाही. व्यवस्थापन शिक्षणावरील चर्चेत जोडीदाराच्या श्रमाला एखादी ओळही मिळत नाही, ही मला या क्षेत्राच्या लेखनातली गंभीर त्रुटी वाटते.

पदवीनंतरची वाटचाल

१९९७ नंतर लगेच काही घडले नाही. १९९९ मध्ये नाडेला यांच्याकडे बीसेंट्रल या लहान व्यावसायिकांसाठीच्या इंटरनेट सेवेचे उपाध्यक्षपद आले. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ग्रेट प्लेन्स ही नॉर्थ डकोटा राज्यातील फार्गो येथील कंपनी सुमारे १.१ अब्ज डॉलरला घेतली. तिचा व्यवसाय लहान आणि मध्यम उद्योगांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करण्याचा होता. त्यातून उभ्या राहिलेल्या बिझनेस सोल्युशन्स विभागात नाडेला वरिष्ठ पदावर गेले आणि तेथे ग्रेट प्लेन्सचे प्रमुख डग बर्गम यांच्याबरोबर त्यांनी काम केले. बर्गम पुढे नॉर्थ डकोटाचे राज्यपाल झाले.

येथे पदवीचा आणि कामाचा मेळ स्पष्ट दिसतो. ज्याला ताळेबंद वाचता येत नाही त्याने हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा विभाग सांभाळणे म्हणजे दर वेळी दुसऱ्याच्या चष्म्यातून पाहणे. तरीही कंपनीने त्यांना तेथे नेमले ते प्रमाणपत्र पाहून, असे म्हणण्यास आधार नाही. सात-आठ वर्षे कंपनीत काम केलेला, तंत्रज्ञान जाणणारा आणि ग्राहकांशी बोलू शकणारा माणूस म्हणून त्यांची ओळख झालेली होती. पदवीने त्या कामात उभे राहण्याची तयारी दिली, दार उघडले ते कंपनीतल्या विश्वासाने.

२००७ मध्ये तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी स्टीव्ह बामर यांनी त्यांना शोधसेवा आणि जाहिरातींच्या विभागात आणले. गूगल तेव्हा कितीतरी पुढे होते आणि येथे अपयश आले तर कंपनीत पुढची जागा असेलच असे नाही, याची कल्पना नाडेला यांना दिली गेली होती. मायक्रोसॉफ्टची बिंग ही शोधसेवा २००९ मध्ये सुरू झाली. शोधसेवेतील जाहिराती लिलावाने विकल्या जातात, एका बाजूला वापरणारे आणि दुसऱ्या बाजूला जाहिरातदार असा तो दुहेरी बाजार असतो, आणि वापरणारे कमी असतील तर जाहिरातदारही कमी बोली लावतात. अर्थशास्त्राच्या वर्गात फळ्यावर मांडता येणारी ही रचना येथे रोजच्या तोट्याच्या रूपाने समोर होती.

२०११ मध्ये ते सर्व्हर आणि टूल्स विभागाचे अध्यक्ष झाले. माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा येथे आहे. हा विभाग सॉफ्टवेअर वापरण्याचे परवाने विकून उत्तम नफा मिळवत होता. अझुर ही क्लाउड सेवा, म्हणजे इंटरनेटवरून संगणकशक्ती भाड्याने देणारी सेवा, २०१० मध्ये बाजारात आली होती, पण तिच्यात आधी प्रचंड डेटा सेंटर उभारावी लागतात, पैसा मासिक वापराप्रमाणे हळूहळू येतो आणि सुरुवातीला नफ्याचे प्रमाण कमी असते. त्यातच तिचा प्रत्येक नवा ग्राहक जुन्या परवान्यांचा संभाव्य ग्राहक कमी करतो. विभागातील लोकांचा क्लाउडला असलेला विरोध तांत्रिक अज्ञानातून आला नव्हता. त्यांच्यापुढे असलेल्या हिशेबानुसार तो शहाणपणाचाच होता. अशा ठिकाणी केवळ तंत्रज्ञान श्रेष्ठ आहे असे सांगून भागत नाही. आजचा नफा, उद्याचा महसूल आणि स्पर्धकाने तोच ग्राहक नेल्यास होणारे नुकसान हे एकाच कोष्टकात मांडून दाखवावे लागते. विभागाचा महसूल २०११ मधील सुमारे १६.६ अब्ज डॉलरवरून २०१३ च्या जूनपर्यंत २०.३ अब्ज डॉलरवर गेला.

मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्यावरचे काही निर्णयही याच चौकटीतून वाचता येतात. नोकियाच्या मोबाइल व्यवसायाची खरेदी बामर यांच्या काळात ठरली होती आणि नाडेला तेव्हा तिच्या बाजूने नव्हते. २०१५ मध्ये त्यांनी ७.६ अब्ज डॉलरची रक्कम तोटा म्हणून दाखवून तो अध्याय आटोपला आणि त्यात हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. आधीच खर्च झालेला पैसा पुढचा निर्णय ठरवताना विचारात घ्यायचा नसतो, हा पहिल्या तिमाहीतला धडा आहे. तो पाठ असणे सोपे, सात अब्जांच्या बाबतीत अमलात आणणे कठीण. २०१६ मधील लिंक्डइन या व्यावसायिकांच्या संपर्कस्थळाची २६.२ अब्ज डॉलरची खरेदी आणि २०१८ मधील गिटहब या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळाची ७.५ अब्ज डॉलरची खरेदी या दोन्हींत विकत घेतले गेले ते मुख्यतः वापरणाऱ्यांचे जाळे होते.

श्रेय कोणाला

आता विरुद्ध बाजू. जो माणूस नोकरी सांभाळून आठवडाअखेर चार तासांचा विमानप्रवास करून शिकतो तो पदवी नसती तरी वर गेला असता, हा आक्षेप गंभीर आहे. चिकाटी हे पदवीचे फळ नव्हते, तिच्यामुळेच पदवी पूर्ण झाली. मायक्रोसॉफ्टचाच इतिहास या आक्षेपाला बळ देतो. बिल गेट्स यांनी हार्वर्ड पदवीविना सोडले. स्टीव्ह बामर यांनी स्टॅनफर्डमधील पूर्णवेळ एमबीए अर्धवट टाकून १९८० मध्ये कंपनीत प्रवेश केला. तिसरे प्रमुख नाडेला यांनी मात्र ती पदवी नोकरीत राहून पूर्ण केली. एकाच खुर्चीवर बसलेल्या या तिघांकडे पाहता त्या खुर्चीसाठी एमबीए आवश्यक होती असे कोणी म्हणू शकणार नाही.

दुसरीकडे टिम कुक यांचे उदाहरण आहे. ऑबर्न विद्यापीठाची औद्योगिक अभियांत्रिकी पदवी घेऊन ते आयबीएममध्ये लागले आणि नोकरी करतच १९८८ मध्ये ड्यूक विद्यापीठाची एमबीए संध्याकाळच्या वर्गांतून पूर्ण केली. ते १९९८ मध्ये ॲपलमध्ये आले आणि २०११ मध्ये प्रमुख झाले, म्हणजे पदवीनंतर २३ वर्षांनी. कुक यांनी कंपन्या बदलल्या आणि पदवी त्यांच्याबरोबर गेली. नाडेला एकाच कंपनीत राहिले आणि विभाग बदलत गेले. दोघांत समान आहे ते पदवी आणि तिच्या पुऱ्या वापरामधले लांब अंतर. पदवी मिळाल्यावर दोन वर्षांत पगार किती वाढला या प्रश्नाने अशा शिक्षणाचे मोजमाप करणारी कोष्टके या दोघांच्या बाबतीत फारसे काहीच सांगू शकली नसती.

माझा निष्कर्ष मर्यादित आहे. पदवीने नाडेला यांना वर नेले असे सिद्ध होत नाही. पण १९९९ ते २०११ या काळात त्यांच्याकडे आलेली कामे अशी होती की त्यांत तंत्रज्ञान आणि पैशाचा हिशेब एकाच डोक्यात असणे उपयोगी पडले, आणि तो हिशेब त्यांनी कामाची निकड येण्याच्या आधीच शिकून ठेवला होता.

मराठी नोकरदारासाठी यातले काय लागू पडते

मुंबईत मराठी वाचकाच्या परिचयाची तुलना उपलब्ध आहे. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था १९६५ साली सुरू झाली आणि नोकरदारांसाठी तिचे तीन वर्षांचे संध्याकाळचे अभ्यासक्रम दीर्घकाळ चालत आले आहेत. वित्त, विपणन, मनुष्यबळ आणि माहिती व्यवस्थापन अशा विषयवार पदव्या त्यांत मिळतात. चर्चगेटजवळचा तो वर्ग दादर, ठाणे, डोंबिवलीच्या नोकरदाराला लोकलच्या आवाक्यातला आहे आणि विमानाचा खर्च नाही, ही मोठीच सोय. पण शिकागोशी त्याचा एक फरक महत्त्वाचा आहे. तेथे अर्धवेळ आणि पूर्णवेळ पदवीचे नाव एकच असते. येथे पूर्णवेळ पदवी वेगळ्या नावाची आणि अर्धवेळ पदवी वेगळ्या नावाची राहिली आहे, त्यामुळे मुलाखत घेणाऱ्याला नावावरूनच प्रकार कळतो. दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांच्या बरोबरीच्या मानाव्यात असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले असले, तरी कायद्यातली बरोबरी आणि भरती करणाऱ्याच्या मनातली बरोबरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेर नोकरी शोधताना हा फरक आड येतो. आतल्या आत काम बदलताना तो फारसा जाणवत नाही, कारण तेथे लोक पदवीआधी माणसाला ओळखतात.

म्हणून चाकणच्या कारखान्यातील किंवा हिंजवडीच्या कंपनीतील एखादा अभियंता अशा पदवीचा विचार करत असेल, तर त्याच्यासाठी या प्रकरणातून निघणारा पहिला प्रश्न त्याच्या स्वतःच्या कंपनीविषयी आहे. तेथे अभियंत्याला किंमत ठरवण्याच्या, खरेदीच्या, ग्राहकांच्या किंवा नफ्या-तोट्याच्या कामाकडे सरकण्याची वाट आहे का, आणि गेल्या काही वर्षांत त्या वाटेने कोणी गेले आहे का? बीसेंट्रलसारखी एखादी लहान, फारशी प्रतिष्ठा नसलेली जबाबदारी अभियंत्याकडे सोपवण्याची तेथे पद्धत नसेल, तर तीन वर्षांच्या संध्याकाळी खर्चून घेतलेली पदवी बहुधा दुसऱ्या कंपनीतच वापरावी लागेल, आणि मग पदवीचे नाव, तिचा प्रकार आणि संस्थेची ओळख या सगळ्यांचा हिशेब वेगळा होतो. ही चौकशी प्रवेश अर्ज भरण्याआधी आपल्या वरिष्ठांकडे आणि लेखा विभागातील ओळखीच्या माणसाकडे करता येते.